जुनी जीप दारात आल्यावर: साताऱ्यातल्या नव्या मालकासाठी

जुनी जीप दारात आली की पहिल्याच रविवारी कासला निघायचं नाही. हे कुणाला आवडत नाही, तरी मी प्रत्येक नव्या मालकाला आधी हेच सांगतो. पंधरा-वीस वर्षं चाललेली गाडी आधीच्या मालकाच्या हाताला सरावलेली असते. तिचा क्लच कुठं धरतो, थंडीत इंजिन चालू करण्याआधी हिटर किती वेळ द्यावा लागतो, कुठला खडखडाट जुना आणि कुठला नवा, हे त्याला पाठ असतं. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. यवतेश्वरच्या घाटात एखादा आवाज पहिल्यांदा कानावर आला, तर तो रोजचाच आहे की आत्ता काही सुटलंय, हे ओळखणार कसं? म्हणून आधी गाडीची ओळख करून घ्यायची, मग डोंगर.

खालचं सगळं मेजर, एमएम ५४०, पहिल्या पिढीची थार किंवा जिप्सी घेतलेल्या आणि गॅरेजची भाषा अजून नवी असलेल्या माणसासाठी आहे. या गाड्यांची इंजिनं वेगवेगळी आहेत. पहिल्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या) थारला पुढं पाट्यांऐवजी, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी, टॉर्शन बार (पिळून झटके झेलणारा दांडा) आहे. पण मागचे पाटे आणि, गाडी फोर बाय फोर असेल तर, गरज पडेल तेव्हाच पुढच्या चाकांना जोर देणारी रचना सगळ्यांत सारखीच आहे, आणि नवख्या माणसाच्या बहुतेक चुका तिथंच होतात.

पैसे देण्याआधी कागद

आरसी हातात घेऊन गाडीखाली जा. चॅसी नंबर चॅसीच्या पट्टीवर ठोकलेला असतो. चिखल पुसून, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरही तसाच. जुन्या जीपांमध्ये इंजिन बदललेलं असणं सर्रास आहे. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर मात्र पेट्रोलच राहिलेलं असतं. अशी गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका. विमा, पासिंग, नावावर करणं, सगळं त्या एका शब्दापाशी अडतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं आरटीओत तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढवून मिळते, आणि १५ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी एमएच ११ ची असो नाहीतर कऱ्हाडची एमएच ५०, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही. पुढं जाड लोखंडी गार्ड लावलेलं असेल तर काढून टाका. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ती बेकायदा ठरवली. समोर माणूस आला तर ते लोखंड त्याला फार वाईट लागतं.

चॅसीला तडा आहे का, हे मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी (पाटा चॅसीला टांगलेला असतो तिथं) आणि स्टिअरिंग बॉक्स बसवलेल्या जागी बघा. तिथं नवा काळा रंग मारलेला दिसला तर खालचं वेल्डिंग शोधा.

पहिला आठवडा अंगणातच

पहिल्या रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. फ्रीजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम. चारी चाकं कुठं येतात तिथं पेनानं खूण करा. सकाळी गाडी पुढं घेऊन पुठ्ठा उजेडात आणा.

पुढच्या भागात काळा डाग असेल तर इंजिन ऑइल. मध्यावर किंवा एक्सलच्या फुगीर भागाखाली, ज्याला गॅरेजमध्ये हौजिंग म्हणतात, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास येणारा डाग असेल तर गिअर ऑइल. पुढं हिरवट किंवा गुलाबी, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारं पाणी म्हणजे कूलंट. डिझेल वासावरून कळतंच. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, निसरडा ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तो दिसला की गाडी तिथंच थांबवायची, गॅरेजपर्यंतही चालवत न्यायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं. बाकी डाग चार दिवस थांबू शकतात. जुन्या जीपला थोडा घाम येतो, ती ओल चालते. थेंब पडून पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग झाला तर सील बदलायला झालं.

दुसऱ्या दिवसापासून सगळी ऑइलं बदलून घ्या: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा), पुढचं आणि मागचं हौजिंग. ‘आत्ताच बदललंय’ असं आधीचा मालक म्हणाला असेल, तरी बदला. कुठलं ऑइल किती लागतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. गिअरबॉक्स आणि हौजिंगला एकच ऑइल चालतं असं कुणी सांगितलं तर पुस्तक उघडून दाखवा. हौजिंगला चालणारं ऑइल काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खातं.

इथं एक गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. खालचं बूच काढून ऑइल सोडण्याआधी वरचं, भरायचं बूच सुटतंय याची खात्री करा. मी मागच्या हौजिंगचं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचं बूच काही केल्या हलेना. षटकोन झिजून गोल झाला. ऑइल नसलेली गाडी चालवता येत नव्हती, आणि वेल्डिंगवाल्याला अंगणात बोलवायला दोन दिवस गेले.

निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. बुचाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा लेप स्वाभाविक आहे, बोटाला टोचणारे लोखंडाचे तुकडे स्वाभाविक नाहीत.

मग वही. साधी दोनशे पानी. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय ऐकलं. रोज एकाच रस्त्यानं जा. माझा रस्ता बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत, असा होता. चढ आहे, उतार आहे, खड्डे आहेत, फार लांबही नाही. कुठल्या गिअरला काय आवाज येतो, टेंपरेचरचा काटा कुठं थांबतो, ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढते, सगळं लिहा. सकाळच्या पहिल्या धुराचा रंगही लिहा. थंड इंजिनाचा पांढरट धूर मिनिटभरात जायला हवा. गरम झाल्यावरही निळसर राहिला तर ऑइल जळतंय. चढाला काळा येत असेल तर आधी एअर फिल्टर काढून झटका आणि मग इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं जा. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. आधी लांबूनच, झळ लागते का बघा. चारांपैकी एकच तापलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलं गेलंय. ही सवय लागली की अर्ध्या बिघाडांची खबर गाडी आठवडाभर आधी देते.

ग्रीस

नव्या कारवाल्यांना ग्रीस गन काय असते ते माहीत नसतं. जुन्या जीपेत ती जेवणाच्या ताटाइतकी गरजेची आहे. प्रोपेलर शाफ्टच्या (हौजिंगपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वळते सांधे, शाफ्टचा सरकता भाग, पाट्यांचे शॅकल (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कड्या), टाय रॉडची (स्टिअरिंगनं चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं, या जागी ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडं, असतात. एकदा मिस्त्रीकडून सगळे मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी एक कमी भरला तर लक्षात येतं.

निपल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर तोंडावरची माती ग्रीसबरोबर आत जाते. कडेनं जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत गन मारा. क्रॉसच्या चारपैकी एका कपातून ग्रीस येत नसेल तर तो कप कोरडा आहे. तो क्रॉस पुढं कधीतरी वाजणार, मग तुटणार. सुटण्याआधी तो सांगतो: गाडी जागेवरून निघताना ‘टक्’ असा एकच ठोका येतो. शाफ्ट हातानं फिरवून बघा, खेळ जाणवला तर बदला. हा भाग स्वस्त आहे, पण चालत्या गाडीच्या शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं तर काय होतं ते मला सांगवत नाही.

मी दर महिन्याला ग्रीस करतो. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच संध्याकाळी.

घाट उतरताना

आपल्याकडं चढणारा प्रत्येक जण उतरतोही, आणि जुनी गाडी उतारालाच दगा देते. जुन्या जीपांना निदान मागं तरी ड्रम ब्रेक असतात, काहींना चारही चाकांना. केळघर किंवा आंबेनळी उतरताना सतत पाय ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात, लायनर गुळगुळीत होतात आणि पाय तितकाच दाबूनही गाडी थांबेनाशी होते. आधी जळका वास येतो. वास आला की गाडी कडेला सुरक्षित जागी लावा आणि अर्धा तास उभी राहू द्या. ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतात.

हे टाळायला ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरणारा माणूस मला बघवत नाही. जुन्या गाडीत इंजिन बंद पडलं तर ब्रेकची ताकदही जाते, कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, आणि घाटात दुसरी संधी नसते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. तो ओलावा तापून वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, नुसती भर टाकून चालत नाही.

काटा वर जायला लागला

एप्रिल-मेमध्ये खंबाटकी चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसतात. काटा नेहमीच्या जागेवरून हलला की गिअर एक खाली घ्या, पाय हलका ठेवा. गाडीत गरम हवा सोडणारा हिटर असेल तर पूर्ण चालू करा. आपल्याला उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर येते. काटा तरीही चढत राहिला तर थांबा. वाफ येत नसेल तर इंजिन मंद चालू ठेवा, पंखा काम करत राहतो. वाफ येत असेल तर ताबडतोब बंद.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं. रेडिएटरचा रबरी होज पाइप हातानं दाबून बघा. तो मऊ पडला, हाताला सोसवला की झाकणावर जाड फडकं टाकून पाव वळसा फिरवा, फुस्स संपू द्या, मग काढा. इंजिन निवल्यावरच, थोडं-थोडं पाणी घाला.

होज पाइप टोकाला फाटला असेल तर फाटका भाग कापून परत क्लिपमध्ये घालता येतो. मधे फाटला असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर तार आवळा आणि रेडिएटरचं झाकण पहिल्या खाचेपर्यंतच ठेवा, म्हणजे दाब धरणार नाही. अशा पट्टीवर मी यवतेश्वरहून साताऱ्यात आलोय, काट्यावरची नजर न काढता.

घरी मात्र नळाचं पाणी घालू नका. माण-खटावकडच्या बोअरच्या पाण्यानं तर रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजतात, चहाच्या पातेल्याच्या तळाला बसतो तसा पांढरा थर. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) आहे का ते विचारा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची पद्धत गावोगावी आहे. माझ्या जीपेतही नव्हता. त्यानं गाडी हिवाळ्यात तापतच नव्हती, डिझेल जास्त प्यायची, आणि तापायचं खरं कारण, बुजलेला रेडिएटर, तसंच राहिलं होतं.

बामणोलीच्या रस्त्यावर बंद पडली तेव्हा

घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात जीप बामणोलीच्या अलीकडं बंद पडली. आधी जोर कमी झाला, मग आचके, मग शांत. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की चालू व्हायची आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. मी फिल्टर काढला, हवा काढली, हात डिझेलनं माखले. शेताकडं निघालेले एक म्हातारे बांधावर बसून बघत होते.

“पोरा, टाकीचं झाकण काढून बघितलंस का?”

“डिझेल आहे आबा, सकाळीच भरलंय.”

“डिझेल न्हाय म्हणत मी. झाकण काढ की आधी.”

झाकण फिरवताच आत हवा शिरल्याचा सूं आवाज आला. झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं होतं. डिझेल निघत होतं, पण त्या जागी हवा येत नव्हती, म्हणून टाकीत पोकळी धरली जात होती. आबांच्या ट्रॅक्टरला हे कधीतरी झालेलं असणार. झाकण सैल ठेवून मी घरी आलो. तेव्हापासून डिझेल गाडी बंद पडली की मी या क्रमानं जातो:

१. टाकीत डिझेल आहे का, स्वच्छ काठी घालून. जुन्या काट्यावर विश्वास नको.
२. टाकीचं झाकण उघडून आवाज येतो का.
३. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपवर ओल किंवा सैल क्लिप आहे का. तिथून डिझेल गळत नसलं तरी हवा आत शिरू शकते.
४. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला.
५. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू अर्धा वळसा सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड आलं की पंप मारता-मारताच स्क्रू आवळा.
६. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मधे अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर बॅटरी बसते आणि स्टार्टर जळतो.

एवढ्यानं झालं नाही तर जुन्या साध्या पंपाच्या इंजिनावर मिस्त्री इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढतात. सीआरडीई इंजिनावर हे कधीही करू नका. तिथल्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, त्या धारेनं डिझेल कातडीत शिरतं. सीआरडीई पाचव्या पायरीनंतरही चालू होत नसेल तर टोचन करून आणा.

फोर बाय फोरचा दांडा

डांबरावर, कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक मुरवणारी रचना नाही. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर तो गिअरच्या दातांवर आणि क्रॉसवर साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडखळते आणि दांडा बाहेर येत नाही. तसं झालं तर दांड्यावर जोर करू नका. सरळ रेषेत दहा-बारा फूट रिव्हर्स घ्या, सुटतो.

बऱ्याच जुन्या जीपांना पुढच्या चाकांच्या मध्यावर हातानं फिरवायचे लॉकिंग हब असतात. ते ‘लॉक’वर नसतील तर आत दांडा टाकूनही पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली पावसात मी अर्धा तास मागची चाकं खोल रुतवत बसलो होतो, फोर बाय फोर बिघडलंय अशी खात्री बाळगून. हब मोकळेच होते. चिखलात शिरण्याआधी, कोरड्या जागी उतरून दोन्ही हब फिरवा. एक लॉक आणि एक मोकळा ही अवस्थाही तितकीच निरुपयोगी.

महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवा. न वापरलेला दांडा गंजतो, सील कोरडे पडतात. लो गिअर (वेग कमी आणि ताकद जास्त देणारा) मात्र गाडी पूर्ण थांबवूनच टाका. तो वेगासाठी नसतो. निसरड्या उतारावर लो पहिला गिअर टाकून ब्रेक न लावता उतरणं ही या गाडीची खरी देणगी आहे. ती आधी साध्या उतारावर शिकून घ्या.

पाणी, चिखल आणि टोचन

ओढ्याचं पाणी वाहतं असेल आणि तळ दिसत नसेल तर जायचं नाही. साचलेल्या पाण्यात आधी स्वतः काठी घेऊन चालून बघा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर लो पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे क्लच नाही. पलीकडं गेल्यावर हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, ओले ड्रम कोरडे होतात. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि एअर फिल्टर ओला निघाला तर सेल्फ मारायचाच नाही. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी ओढून बाहेर काढा.

हौजिंगला वर हवेची बारीक नळी असते. तापलेलं हौजिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ती नळी तुटकी असली तर पाणी आत ओढलं जातं. नळी लांब करून बॉनेटखाली उंच बांधून घ्या, काम एका तासाचं आहे.

चिखल आपल्याकडं दोन जातींचा. पश्चिमेला जांभ्याचा तांबडा, वर निसरडा पण खाली कडक. तिथं टायरची हवा कमी करून हळू गेलं की चाक तळ धरतं. कोरेगाव-कऱ्हाडकडची काळी माती वेगळी. ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. पाऊस पडून गेलेल्या दिवशी काळ्या रानातल्या उसाच्या वाटेनं मी जात नाही, फोर बाय फोर असूनही. हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण डांबराला लागण्याआधी ती परत भरायला पंप जवळ हवा.

रुतली तर रेस करू नका. उतरा, फावड्यानं चारही चाकांपुढची माती काढा, खाली दगड किंवा बारदान घाला. तरी निघाली नाही तर ट्रॅक्टर. दोर फक्त चॅसीला बोल्ट केलेल्या हुकला लावायचा. बंपर, टाय रॉड, पाट्याचा शॅकल, काहीही नाही. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उसळत नाही. दोराच्या रेषेत आणि दोन्ही गाड्यांच्या मधे माणूस नको. गावातली पोरं उत्साहानं ढकलायला येतात, त्यांना हात जोडून बाजूला करा. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, “मामा, झटका नको, ताण धरून हळू ओढा.”

चाक बदलताना नट आधी सैल करा, मग जॅक. मऊ जमिनीत जॅकखाली फळी हवी. काही जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही ती घरंगळू शकते. उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

आणि कासच्या पठारावर रस्ता सोडून एक चाकही उतरवू नका. जांभ्यावर तिथं बोटभर मातीचा थर आहे, सगळी फुलं त्यावरच येतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत आलं. चाकाची एक रेघ तिथं वर्षानुवर्षं दिसत राहते. आपल्या गाड्यांनी ती उमटावी याचं मला फार वाईट वाटतं.

पाटे, टायर, पत्रा

पाट्याचं पान तुटलं तर गाडी एका बाजूला बसते. मेन पाटा (सगळ्यात लांब पान) शाबूत असेल तर एक्सल आणि चॅसीच्या मधे लाकडाचा ठोकळा दोरानं बांधून दहा-वीसच्या वेगानं गावापर्यंत येता येतं. पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. तशी चालवू नका. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट दर सहा महिन्यांनी आवळून घ्या.

टायरवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचं रबर कडक होतं. खाचा नव्यासारख्या असल्या तरी ओल्या डांबरावर ते धरत नाही. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती सगळ्यात जुनी निघते.

साठच्या पुढं एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथडायला लागलं तर ब्रेक जोरात दाबू नका. पाय उचला, स्टिअरिंग घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग टाय रॉडची टोकं, किंगपिनचं बेअरिंग आणि व्हील बॅलन्सिंग तपासा.

महाबळेश्वरकडं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दहिवडीकडं जेमतेम पाचशे. गाडी कुठं राहते त्यावर पत्रा किती टिकेल ते ठरतं. पश्चिमेकडं राहणाऱ्यांनी फ्लोअरचं मॅट उचलून खालची ओल दर महिन्याला बघावी, आणि दसऱ्याच्या धुण्यात चॅसीच्या पोकळीत पाइप घालून तांबडी माती बाहेर काढावी. ऊसतोड सुरू झाली की उंदीर रानातून घराकडं येतात आणि वायरी कुरतडतात. तेव्हा बॉनेट दर दोन दिवसांनी उघडा.

मिस्त्रीशी बोलताना

‘गाडी बरोबर चालत नाही’ असं म्हणू नका. वही उघडा आणि सांगा: तिसऱ्या गिअरला, चढाला, गरम झाल्यावर, मागून, घूं असा आवाज, आठ दिवसांपासून. चांगला मिस्त्री तेवढ्यावर निम्मं काम ओळखतो. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि तो का गेला ते विचारा. माझ्या मिस्त्रींनी मला टाय रॉडचं झिजलेलं टोक हातात देऊन त्यातला खेळ दाखवला, तेव्हापासून तो खेळ मला गाडीखाली झोपूनही ओळखता येतो.

मग पहिल्या फेरीला ठोसेघर, वाटेत गावं आहेत आणि फोन लागतो. गाडीत रिंग पाने, पक्कड, जॅक, फळी, दोर, ट्यूबची पट्टी, तार, फॅनचा पट्टा, फ्यूज, पाच लिटर पाणी, लिटरभर इंजिन ऑइल आणि टॉर्च असू द्या. परत आलात की त्या रात्री गाडीखाली पुन्हा तोच पुठ्ठा पसरा.